थर्माकोलचे डबे: शहराची अट पाळायची की राज्याच्या कायद्यावर विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मायामीजवळ भारतीय जेवणाचं छोटं हॉटेल आहे. पार्सलसाठी फोमचे, म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याचे, झाकणाचे डबे वापरले जातात. शहराच्या पार्कमधल्या खाद्यमहोत्सवात स्टॉल घ्यायचा आहे, पण परमिटवर ‘फोमची भांडी चालणार नाहीत’ अशी अट आहे. माल पुरवणारा सांगतो, ‘फ्लोरिडात शहरांना अशी बंदी घालताच येत नाही, राज्याने ती कधीच मोडीत काढली, खुशाल वापरा.’ खरं कुणाचं? आणि पुढे कोलोरॅडोत शाखा काढली तर तिथे काय?

पुरवठादार तुमच्या दुकानापुरता बहुतेक बरोबर आहे, पार्कपुरता चुकीचा आहे, आणि कोलोरॅडोत त्याचं म्हणणं पूर्ण उलटं होतं. नियम डब्यापेक्षा जागेवर, तारखेवर आणि शहर कोणत्या नात्याने बोलतंय यावर ठरतो. शहर कधी नियम करणारी सत्ता असतं, कधी जागेचा मालक असतं आणि कधी गिऱ्हाईक असतं. ही तीन नाती वेगळी ठेवली की या विषयातला बराच गुंता सुटतो.

अमेरिकेत या प्रकाराला प्रीएम्प्शन म्हणतात. राज्याने एखादा विषय स्वतःच्या हातात घेतला की त्यावरचा शहराचा किंवा काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नियम निष्प्रभ होतो. या चर्चेत ‘ऑर्डिनन्स’ हा शब्द वारंवार येईल. त्याला अध्यादेश समजू नका. आपल्याकडे अध्यादेश राज्यपाल किंवा राष्ट्रपती काढतात. तिथला ऑर्डिनन्स हा नगर परिषदेने मतदान करून केलेला स्थानिक कायदा असतो, आपल्या महापालिकेच्या उपविधीच्या जवळचा.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा इथे गोंधळ होणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे थर्माकोलच्या ताटवाट्यांवरची बंदी वरून खाली आली. महाराष्ट्राची अधिसूचना 23 मार्च 2018 ची, 2006 च्या अविघटनशील कचऱ्याच्या कायद्याखालची. केंद्राचे सुधारित नियम ऑगस्ट 2021 चे आणि एकल-वापराच्या वस्तूंवरची बंदी 1 जुलै 2022 पासून लागू. महापालिका ती फक्त राबवते. अमेरिकेत फोमच्या डब्यांवर देशपातळीवरची बंदी नाही. तिथे ती खालून वर आली: आधी पोर्टलंड, सिएटल अशी शहरं, मग काउंट्या, मग राज्यं. मेरीलँडमध्ये माँटगोमेरी आणि प्रिन्स जॉर्जेस या दोन काउंट्यांनी 2016 मध्ये बंदी लागू केली, आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून ती राज्यभर आली. खालच्या संस्थांना करून बघू दिलं की वरच्यांना तयार अनुभव मिळतो. प्रीएम्प्शन नेमकी हीच वाट बंद करतं. म्हणून हा प्रश्न डब्यांपुरता नाही असं मला ठामपणे वाटतं.

आता फ्लोरिडाकडे. तिथे तीन कलमं एकावर एक बसलेली आहेत आणि तिन्ही वाचावी लागतात.

पहिलं कलम 403.708 चं नववं उपकलम. त्याचा आशय असा की राज्यात तयार होणाऱ्या किंवा विकल्या जाणाऱ्या मालाच्या वेष्टनावर 1 मार्च 1974 नंतर केलेल्या कोणत्याही सरकारी नियमाने नियंत्रण आणता येणार नाही, त्याच कायद्यात स्पष्ट सांगितलेलं सोडून. दुसरं कलम 403.7033, 2008 चं. यात राज्याच्या पर्यावरण विभागाला पिशव्या, वेष्टनं आणि ‘ऑक्झिलरी कंटेनर’ (गिऱ्हाईकाला माल ज्यात देतात ते डबे, कप वगैरे) यांचा अभ्यास करून अहवाल द्यायला सांगितलं, आणि विधिमंडळ त्या शिफारशी स्वीकारेपर्यंत स्थानिक संस्थांनी या वस्तूंवर काहीही नियम, बंदी किंवा कर लावू नये असं म्हटलं. अहवाल 2010 मध्ये आला. शिफारशी स्वीकारल्या गेल्या नाहीत, त्यामुळे तात्पुरती म्हणून घातलेली मनाई तशीच चालू राहिली. तिसरं कलम 500.90, 2016 चं, थेट पॉलिस्टायरिनचं, म्हणजे फोम ज्या प्लास्टिकपासून बनतो त्याचं, नाव घेणारं. चॅप्टर 500 (राज्याचा अन्नपदार्थांचा कायदा) खाली येणाऱ्या व्यवसायांनी पॉलिस्टायरिन वापरण्या-विकण्याचं नियमन राज्याच्या कृषी विभागाकडे राहील, शहरांकडे नाही, असं ते सांगतं.

या तिसऱ्या कलमातले दोन अपवाद तुमच्या कामाचे आहेत. एक तारखेचा: 1 जानेवारी 2016 च्या आधी केलेले स्थानिक नियम शाबूत राहतात. मायामी बीचचा फोमबंदीचा नियम त्याआधीचा असल्यामुळे टिकला. दुसरा जागेचा: सार्वजनिक मालमत्तेवर असलेल्या व्यक्ती, सार्वजनिक मालमत्तेवरचे तात्पुरते विक्रेते, आणि शहराशी माल किंवा सेवेचा करार असलेले लोक, यांच्यावर शहर फोमची मनाई घालू शकतं. पार्कमधला तुमचा स्टॉल म्हणजे सार्वजनिक मालमत्तेवरचा तात्पुरता विक्रेता, शब्दशः. परमिटवरची अट या वाक्यावर उभी आहे. ती मोडलीत तर स्टॉल बंद होईल, आणि राज्याच्या कायद्याचा दाखला देऊन उपयोग होणार नाही, कारण ती मुभा राज्याच्या कायद्यानेच शहराला दिली आहे.

तारखेचा अपवाद किती कडक आहे हे कोरल गेबल्सच्या प्रकरणातून कळतं. या शहराने फोमबंदी 9 फेब्रुवारी 2016 रोजी मंजूर केली. 500.90 लागू झालं त्याच वर्षी 1 जुलैला, म्हणजे नियमानंतर. पण कलमात मर्यादा घातली 1 जानेवारीची. सव्वा महिन्याच्या फरकाने शहर अपवादाबाहेर राहिलं. फ्लोरिडा रिटेल फेडरेशन आणि एका किराणा व्यावसायिकाने दावा लावला. 2017 मध्ये खालच्या न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल देत ही तिन्ही कलमं घटनाबाह्य ठरवली. त्या बातम्या खूप फिरल्या आणि आजही इंटरनेटवर सापडतात. 14 ऑगस्ट 2019 रोजी थर्ड डिस्ट्रिक्ट कोर्ट ऑफ अपीलने तो निकाल फिरवला आणि शहराची बंदी गेली. कुणी 2017 चं कात्रण दाखवून ‘शहर जिंकलंय’ म्हणालं तर पुढचा निकाल दाखवा.

आता तुमचं स्वतःचं दुकान. इथे एक बारकावा आहे जो पुरवठादार सांगत नाहीत. फ्लोरिडात किराणा दुकान, सुपरमार्केट, गॅस स्टेशनवरचं दुकान हे चॅप्टर 500 खाली कृषी विभागाकडे येतात. रेस्टॉरंटचं लायसन्स मात्र चॅप्टर 509 खाली, हॉटेल-रेस्टॉरंट विभागाकडून मिळतं. म्हणजे 500.90 चे शब्द किराणा दुकानाला थेट लागतात, रेस्टॉरंटला लावताना वाद होऊ शकतो. तुमच्या बाजूने जास्त भार 403 मधल्या दोन कलमांवर येतो. परिणाम बहुतेक तोच निघेल, पण पत्र लिहिताना चुकीच्या कलमावर बोट ठेवलंत तर शहराचा वकील तिथेच अडवेल. दुकानाच्या एका कोपऱ्यात किराणा मालही विकत असाल तर भिंतीवरचं लायसन्स कोणत्या विभागाचं आहे ते आधी पाहा.

स्वतःच्या पत्त्यासाठी काय तपासायचं तेही सांगतो, कारण चुका इथेच होतात. पत्त्यावर ‘मायामी’ लिहिलेलं असलं म्हणून दुकान मायामी शहराच्या हद्दीत असतंच असं नाही. टपालाचं नाव वेगळं, पालिकेची हद्द वेगळी. मायामी-डेड काउंटीचा मोठा भाग कोणत्याच शहरात मोडत नाही, तिथे थेट काउंटीचा कारभार चालतो. काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या, म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकून हद्द तपासा. मग त्या शहराची संहिता, म्हणजे त्याच्या सगळ्या ऑर्डिनन्सचं एकत्र पुस्तक, उघडा आणि ‘पॉलिस्टायरिन’ शोधा. कलमाच्या शेवटी कंसात ऑर्डिनन्सचा क्रमांक आणि मंजुरीची तारीख असते. ती 1 जानेवारी 2016 च्या आधीची की नंतरची, यावर बाकी सगळं ठरतं. नंतर दुरुस्ती झालेली असेल तर एकापेक्षा जास्त तारखा दिसतात. अशा वेळी मूळ बंदी कोणत्या तारखेची आणि व्याप्ती कोणत्या दुरुस्तीने वाढवली, हे वेगळं काढावं लागतं. जुन्या नियमाला मिळालेलं संरक्षण नव्या भागाला आपोआप मिळत नाही. आणखी एक: संहितेत कलम छापलेलं आहे म्हणजे ते राबवलं जातंच असं नाही. राज्याने निष्प्रभ केलेली कलमं काही शहरं वर्षानुवर्षं पुस्तकात तशीच ठेवतात.

कायदा झाला की भाडेकरार वाचा. मॉलच्या किंवा शहराच्या मालकीच्या इमारतीत गाळा असेल तर फोमची मनाई करारात असू शकते. खासगी मालकाच्या करारातल्या अटीला प्रीएम्प्शन शिवतही नाही, आणि शहर मालक असेल तर ते वरच्या जागेच्या अपवादात येऊ शकतं.

व्याख्याही वाचायला हव्यात. कॉफीचा फोमचा कप एक्स्पांडेड पॉलिस्टायरिनचा असतो, बारीक मणी फुगवून साच्यात केलेला. झाकणाचा डबा बहुधा एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरिनच्या पत्र्यापासून, गरम करून साच्यात दाबलेला. काही नियम दोन्ही धरतात, काहींच्या शब्दांत एकच बसतो. तळाशी त्रिकोणात 6 हा आकडा असला की पॉलिस्टायरिन, मग वर ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेलं असलं तरी. त्या छपाईवर विसंबून नव्या डब्यांच्या पेट्या घेऊ नका, बंदीत तेही पॉलिस्टायरिन म्हणूनच मोजले जातात.

बाकी राज्यांत हाच कायदा वेगवेगळ्या वेषांत भेटतो. ‘ऑक्झिलरी कंटेनर’ हा शब्दप्रयोग दिसला की सावध व्हा. 2015 च्या सुमारास अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज काउन्सिल या संस्थेने राज्यांसाठी नमुना मसुदा तयार केला आणि मिळतीजुळती भाषा अनेक राज्यांत उतरली. अ‍ॅरिझोनाच्या व्याख्येत एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरिन नाव घेऊन आहे. मिशिगनच्या 2016 च्या कायद्यात पिशवी, कप, बाटली आणि इतर वेष्टनं, कापडापासून काचेपर्यंत सगळे पदार्थ येतात. तो यायला कारण ठरला वॉशटेनॉ काउंटीचा पिशव्यांवरचा नियम, पण जाळं टाकलं ते सगळ्या डब्यांवर. मात्र तिथेही स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागेला सूट आहे.

टेक्सासचा मार्ग निराळा. तिथे कचरा व्यवस्थापनाच्या जुन्या कायद्यात एक वाक्य आहे: राज्याच्या कायद्याने परवानगी दिलेली नसेल तर कचरा व्यवस्थापनासाठी ‘कंटेनर किंवा पॅकेज’ विकण्या-वापरण्यावर स्थानिक बंधन घालता येणार नाही. लारेडो शहराने पिशव्यांवर बंधन घातलं आणि म्हणालं की आमचा हेतू शहर स्वच्छ ठेवण्याचा आहे, पिशवी म्हणजे कंटेनर नव्हे. 22 जून 2018 रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे एकमताने फेटाळले. खटला पिशव्यांचा होता, पण फोमचा डबा कंटेनर नाही असं तर कुणीच म्हणू शकणार नाही. ‘हेतूचं नाव बदला, नियम टिकेल’ असा सल्ला देणाऱ्यांनी हा निकाल वाचायला हवा.

अ‍ॅरिझोनात नियम मोडण्याची किंमत शहराच्या खिशातून जाते. 2016 च्या तिथल्या एका कायद्यानुसार राज्याच्या कायद्याविरुद्ध जाणाऱ्या शहराला राज्याकडून मिळणारा महसुलाचा वाटा थांबवता येतो. बिस्बी नावाच्या छोट्या गावाने पिशव्यांवर बंदी घातली होती. 2017 मध्ये अटर्नी जनरलने (राज्याच्या महाधिवक्त्याने) ती बेकायदा ठरवली आणि गावाला माघार घ्यावी लागली. फ्लोरिडात 2019 पासून स्पष्ट प्रीएम्प्शनच्या दाव्यात हरणाऱ्या बाजूवर जिंकणाऱ्याच्या वकिलाचा खर्च पडतो. नगर परिषदा का कचरतात ते यावरून समजतं.

आणि ही कलमं शोधताना पर्यावरणाचे कायदे चाळून थांबू नका. ओहायोत आधी 2020 मध्ये स्थानिक बंदी घालायला बारा महिन्यांपुरती मनाई आली, मग 2021 च्या अर्थसंकल्पी विधेयकात ती कायमची झाली. पेनसिल्व्हेनियात 2019 मध्ये अर्थसंकल्पासोबतच्या विधेयकातून स्थगिती आली आणि 2021 मध्ये संपली. नॉर्थ कॅरोलायनात 2023 च्या अर्थसंकल्पात एका तरतुदीने शहरांचे हात बांधले गेले, त्यावेळी अ‍ॅशव्हिल आणि डरहॅममध्ये अशा नियमांवर काम चालू होतं. हजारभर पानांच्या विधेयकात अशी ओळ घातली की तिच्यावर चर्चा होत नाही, नागरिकांना बोलायला सुनावणी मिळत नाही. ही पद्धत चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

राज्याने स्थानिक नियम बाजूला सारणं प्रत्येक वेळी वाईट नसतं. न्यू जर्सीने 4 मे 2022 पासून फोमच्या डब्यांवर राज्यभर बंदी आणली आणि सोबत स्थानिक नियमही मोडीत काढले. तिथे दुकानदाराला एकच नियम मिळाला. ‘प्रत्येक शहराचा वेगळा नियम पाळून व्यवसाय कसा करायचा?’ ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी आहे आणि असा कायदा तिला उत्तर देतो. पण फ्लोरिडा, टेक्सास, अ‍ॅरिझोना, मिशिगनमध्ये राज्याने शहराचा नियम काढून घेतला आणि त्या जागी स्वतःचा कोणताच ठेवला नाही. किनाऱ्यावरचा फोमचा चुरा उचलायचा खर्च शहराकडे, आणि दुकानांवर नियम करून तो कमी करायचा अधिकार मात्र शहराकडे नाही.

कोलोरॅडोतला प्रवास उलटा झाला. तिथे शहरांना प्लास्टिकच्या वस्तूंवर बंधन घालू न देणारं जुनं कलम होतं. 2021 च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. 1 जानेवारी 2024 पासून रेस्टॉरंटांना तयार अन्न फोमच्या डब्यात द्यायला राज्यभर मनाई, आणि 1 जुलै 2024 पासून ते जुनं कलम रद्द. आता राज्याचा नियम किमान मर्यादा आहे, शहर त्याहून कडक नियम करू शकतं. त्यामुळे शाखा काढताना राज्याचा नियम पाळून थांबू नका, शहराची संहिताही पाहा. 2024 च्या आधी विकत घेतलेला साठा संपेपर्यंत वापरायची मुभा होती, पण फ्लोरिडातून उरलेल्या पेट्या आज तिकडे नेल्या तर ती सबब चालणार नाही.

पार्कमधल्या स्टॉलसाठी डबे कोणते घ्यायचे? आपलं जेवण गरम, रस्सेदार आणि तेलकट, त्यामुळे चूक महागात पडते. पॉलिस्टायरिन साधारण 100 अंश सेल्सियसला मऊ पडतं. कढईतून उतरलेली तर्री किंवा फोडणी थेट ओतली तर फोमला खड्डे पडतात, मग बंदी असो वा नसो. उसाच्या चोयट्याचे, म्हणजे बगॅसचे 9 इंची तीन कप्प्यांचे डबे भात, पोळी आणि सुक्या भाजीला उत्तम. रस्सा त्यात अर्धा-पाऊण तास राहिला की तळ ओलसर होतो. मिसळ, आमटी, कढी यांना पॉलिप्रॉपिलीनचे, त्रिकोणात 5 आकडा असलेले, 16 औंसांचे गोल डबे झाकणासकट घ्या. ते मायक्रोवेव्हलाही टिकतात. मक्यापासून केलेले पारदर्शक पीएलए डबे फक्त कोशिंबीर, श्रीखंड अशा थंड पदार्थांना, कारण साधारण 55-60 अंशांना ते वाकतात. बगॅसचा माल घेताना ‘पीएफएएस नाही’ असं लेखी पत्र मागा. तेल झिरपू नये म्हणून पूर्वी ही रसायनं वापरली जायची, आणि कोलोरॅडोसकट अनेक राज्यांनी खाद्यवेष्टनांत ती बंद केली आहेत. परमिटची अट ‘फक्त कंपोस्ट होणारी भांडी’ अशी असेल तर पॉलिप्रॉपिलीनही बसणार नाही. अटीतला शब्द फोम आहे की कंपोस्टेबल, ते पेटी मागवण्याआधी पाहा.

महाराष्ट्र मंडळांनाही हेच लागू. गणेशोत्सवाचा महाप्रसाद शहराच्या कम्युनिटी सेंटरमध्ये असेल तर हॉलच्या भाडेकरारातली अट पाळावी लागते. तोच महाप्रसाद मंदिराच्या खासगी सभागृहात असेल तर तिथे शहराचा नियम टिकलेला आहे का ते वेगळं पाहायचं. शाळेचा हॉल शहराचा नसतो, स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या वेगळ्या संस्थेचा, असतो. त्याच्या अटी तिसऱ्याच.

शंका उरली तर पालिकेच्या सिटी क्लर्कला (शहराची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल करा आणि दोनच प्रश्न विचारा. तुमच्या संहितेतलं पॉलिस्टायरिनचं अमुक कलम सध्या खासगी जागेतल्या रेस्टॉरंटांवर राबवलं जातं का, आणि ते मूळ कोणत्या तारखेला मंजूर झालं. महोत्सवासाठी वेगळा ईमेल, परमिट देणाऱ्या विभागाला: अट फक्त फोमची आहे की सगळ्या प्लास्टिकची, आणि आधीच पॅक केलेल्या मालाला ती लागते का. लेखी उत्तर आलं की त्याची छापील प्रत परमिटसोबत स्टॉलवर ठेवा.